ए१ जर्मन, ४० मुलं, २४ तास ऑनलाइन: वर्ग उघडून इतके दिवस झाले तरी मुलं बोलत का नाहीत?

किनारपट्टी_जर्मन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या जर्मनच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाबद्दल विचारायचंय. पातळी ए१ (युरोपीय मोजपट्टीवरची पहिली पायरी), एकूण ६० तास, वर्गात ४० मुलं, शिक्षक एकच. मार्च २०२० मध्ये सगळं ऑनलाइन गेलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेजं उघडली, पण ऑनलाइनचा भाग काही परत गेला नाही. आता ६० पैकी २४ तास ऑनलाइन आणि ३६ वर्गात अशी विभागणी कायमची झालीय.

अडचण अशी. लेखी सराव मुलं बिनचूक भरतात. समोर उभं करून 'काल काय केलंस?' एवढं जर्मनमध्ये विचारलं की पाच-सहा सेकंद शांतता, मग एक शब्द, मग इंग्रजी. जोडीत बसवलं तरी दोघंही शिक्षकाकडे बघत राहतात. उच्चारांत 'च' आणि 'श' यांचा गोंधळ आहे. 'इह्य' (म्हणजे 'मी') हा शब्द तर सगळे सरसकट 'इश' म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्या गावांत रेंज नसते, लाईट गेली की टॉवरही जातो. घरचं लेखन यंत्राने केलेलं असतं ते दिसतं, पण सिद्ध कसं करणार? आणि तोंडी परीक्षा ४० जणांची एकट्याने घ्यायची तर कशी?

अ‍ॅपांची यादी नको, ती सगळ्यांकडे आहे. तास कसा लावायचा, काय ऑनलाइन ठेवायचं आणि काय अजिबात ठेवायचं नाही, एवढं सांगा.

तारेतला_आवाज

तुमचे बरेचसे प्रश्न शिकवण्याचे नाहीत, तारेचे आहेत. तारेतून काय जातं आणि काय जात नाही हे एकदा समजलं की विभागणी आपोआप होते.

आधी उशीर. दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात साधारण पाव सेकंदाहून कमी वेळ जातो. फोनवर एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागले की ही लय मोडते. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात. गावातल्या कमकुवत रेंजवर तेवढा उशीर नेहमीचाच. म्हणून ऑनलाइन वर्गात सगळ्या शिक्षकांनी एकच तोडगा काढला: नाव घेऊन विचारायचं, बाकी सगळे म्यूट. दोन वर्षं हेच चाललं की मूल शिकतं की नाव आल्याशिवाय बोलायचं नसतं. तुमच्या जोड्या शिक्षकाकडे बघतात त्याचं कारण हे आहे. त्यांना व्याकरण येत नाही असं नाही, त्यांना बोलण्याचा नंबर धरता येत नाही.

त्याच कारणाने सामूहिक उच्चार (सर म्हणणार, वर्ग म्हणणार) ऑनलाइन कधीच करू नये. चाळीस जणांचा आवाज चाळीस वेगवेगळ्या वेळी येतो आणि अ‍ॅप त्यातला एकच मोठा आवाज निवडून बाकीचे दाबतं. करायचंच तर सगळ्यांना म्यूट करून प्रत्येकाने आपापल्या घरी मोठ्याने म्हणायचं आणि नंतर दोघांना उघडायचं. पण तो नाइलाजच. सामूहिक उच्चार वर्गाच्या ३६ तासांत, रोज पाच मिनिटं.

आता 'च' आणि 'श'. 'स', 'श' आणि तुमचा 'इह्य'मधला आवाज हे घर्षणाचे आवाज आहेत. 'स'ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं. रेंज चांगली असेल तर आजचे कॉल याहून बरेच वर जातात, पण रेंज घसरली की दर्जाही घसरतो. त्यात मीटिंगच्या अ‍ॅपमधला आवाज-शमन फिल्टर 'श्श' हा पंख्याचा आवाज समजून पुसतो. शिवाय मुलांच्या कानात ब्लूटूथचे इयरबड असतात. त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक इयरबड ऐकू येणाऱ्या आवाजाची प्रतही खाली आणतात. म्हणजे जर्मनमधले 'किर्ह्य' (चर्च) आणि 'किर्श' (चेरी) हे दोन शब्द मुलांपर्यंत एकसारखेच पोचले. जो फरक कानावरच पडला नाही, तो जिभेवर कसा येणार?

तेव्हा करायचं ते असं:

थेट ऑनलाइन तासात उच्चार शिकवू नका. उच्चाराची ध्वनिफीत वेगळी रेकॉर्ड करून पाठवा. फाइल पाठवली की ती तुकड्या-तुकड्याने उतरते, पण पूर्ण आणि न कापलेली उतरते. फोन तोंडापासून एक वीत दूर आणि जरा बाजूला धरा, म्हणजे 'प'चा फटका माइकवर बसणार नाही. पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग करू नका. गाद्या आणि पडदे असलेली खोली चांगली. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने हळू करू नका, त्याने शब्दांचे जोड तुटतात आणि मुलांना खोटी जर्मन ऐकू येते. नेहमीच्या वेगानेच बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याच वाक्याच्या दीडपट शांतता सोडा. त्या शांततेत मूल म्हणतं. मग तेच वाक्य पुन्हा.

एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस ठेवलं तर मिनिटाला ४८० केबी होतात. पाच मिनिटांच्या बारा फिती म्हणजे २९ एमबीच्या आत. तुलनेसाठी: झूमवर एकास-एक व्हिडिओला ६०० केबीपीएस धरतात, म्हणजे एका दिशेला तासाचे २७० एमबी. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस, म्हणजे फार तर ३६ एमबी. अख्ख्या सत्राचा ऐकण्याचा सराव एका तासाच्या नुसत्या आवाजाएवढ्यात बसतो. कॅमेरा चालू ठेवा असा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशेब एकदा बघावा.

ऐकताना साधे वायरचे इयरफोन. फार महाग नसतात आणि फरक लगेच कळतो. थेट तास घेताना अ‍ॅपमध्ये 'ओरिजिनल साउंड' किंवा आवाज-शमन कमी करायची सोय असेल तर ती शिक्षकाच्या बाजूने वापरा. पंखा तेवढा वेळ बंद.

सावंतवाडीचं_फ्रेंच

वरचं सगळं मान्य, पण कॅमेऱ्याबद्दल नाही. माका विचारशात तर ओठ दिसल्याशिवाय फ्रेंच किंवा जर्मन स्वर शिकवताच येत नाहीत. वर्ग उघडले तेव्हा मास्कमुळे हेच झालं: आवाजही दबला आणि ओठही गेले. जर्मनमधला उम्लाउटचा (डोक्यावर दोन टिंबं असलेला) 'ऊ' आणि फ्रेंचमधला साधा 'उ' यांची कृती एकच: जिभेने 'ई' म्हणायचं आणि ओठ 'ऊ'चे करायचे. हे सांगून समजतं, पण जमतं ते बघून. त्यामुळे शिक्षकाचा कॅमेरा फक्त या दहा मिनिटांपुरता चालू, मुलांचे बंद. शिक्षकाने खिडकीकडे तोंड करून बसायचं. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा होतो. फोन तोंडाच्या उंचीवर. टेबलावर ठेवला तर हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात.

आता 'इह्य'चं. तुमच्या मुलांचा दोष नाही, महामारीतल्या पीडीएफांचा आहे. तेव्हा सगळीकडे शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून पाठवले गेले आणि त्यात 'इश' असं लिहिलं होतं. डोळ्याने एकदा धरलेला उच्चार कान सोडत नाही. त्यावर मराठीतच औषध आहे. 'ह्या' हा शब्द कुजबुजत म्हणायला लावा आणि सुरुवातीचा 'ह्य' लांबवा: 'ह्य्य्य्य'. जीभ 'य'च्या जागी, आणि फक्त हवा. तो आवाज 'इ'ला जोडला की झालं. मग 'किर्ह्य - किर्श' ही शब्दांची जोडी प्रत्यक्ष वर्गात, मुलांकडे पाठ फिरवून उभं राहून ऐकवायची. कुठला ऐकला ते मुलांनी हात वर करून दाखवायचं. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत म्हणायला लावू नका. आधी कान, मग तोंड.

'च'चं कोडं तर आपल्या घरातच सुटतं. जर्मनचा 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक', 'चूल', 'चोर' यातला 'च'. 'चहा', 'चार'मधला नव्हे. 'वेळ' या अर्थाचा 'त्साइट' मुलं बरोबर म्हणतात, कारण पुढे 'आ' आहे. 'दहा'साठीचा 'त्सेन' मात्र 'चेन' होतो, कारण शब्दाच्या सुरुवातीला 'चे' आला की मराठी जीभ 'चेहरा'कडे वळते. त्यांना 'आमचे दादा' म्हणायला लावा. त्यातला 'चे' हाच हवा असलेला आवाज आहे. 'खोली' म्हणजे 'त्सिमर' इथे मात्र मराठी मदत करत नाही, 'ची' नेहमी तालव्यच ('चहा'सारखा) येतो. तिथे 'उत्सव'मधला 'त्स' धरून पुढे 'इ' जोडायचा. 'चिमर' ऐकू आलं की तिथल्या तिथे थांबवा.

फ्रेंचबद्दल विचारलं नाही, तरी कुडाळ-मालवणकडच्या मुलांना शिकवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. फ्रेंच अनुनासिक स्वर देवनागरीत अनुस्वाराने लिहिले की पुस्तकी मराठीची सवय असलेली मुलं शेवटी 'न' किंवा 'म' बंद करतात. मालवणी बोलणाऱ्यांच्या 'तां', 'कसां' यात शेवटी जीभ कुठेच टेकत नाही, स्वर नाकातून जातो आणि उघडाच राहतो. फ्रेंचला तेवढंच हवं. 'शुद्ध बोला' म्हणून जी बोली शाळेत सोडायला लावली, ती इथे कामाला येते.

संख्यांचंही तसंच. जर्मनमध्ये सत्तावीस म्हणजे 'सात-आणि-वीस', एकक आधी. मराठी 'सत्तावीस' तसाच आहे. पण मुलं मनात 'ट्वेंटी सेव्हन' म्हणतात आणि ७२ लिहून मोकळी होतात. अट घाला: संख्या लिहिताना मनात मराठी. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'चार विसा'च म्हणतात, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार विसा, दहा, सात. आजीला विचारा, ती लगेच समजेल. संख्यांचं श्रुतलेखन ऑनलाइन उत्तम चालतं: दहा फोन नंबर, प्रत्येकी दोनदा, एकूण चार मिनिटं.

निहोंगो_चिपळूण

वेळापत्रकाबद्दल लिहितो. कोकणात सत्र आखताना दिनदर्शिकेआधी पाऊस बघावा लागतो.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनारा घासून गेलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं. तिन्ही वेळा ऑनलाइन शिक्षण हेच काय ते शिक्षण होतं, आणि तिन्ही वेळा वीज नव्हती. त्यातून एक नियम निघतो: ज्या तासाला वीज आणि रेंज दोन्ही एकाच वेळी लागतात, असा तास जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका.

तुमचे २४ ऑनलाइन तास असे वाटा: १६ तास आपापल्या वेळी करायचं काम, फक्त ८ तास थेट. थेट तासांपैकी बहुतेक सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरमध्ये. गणपतीच्या आठवड्यात काहीच ठेवू नका, हजेरी लावायलाही कोणी नसतं. पावसाळ्यातला वर्गाचा तास मात्र ऐकण्याच्या परीक्षेसाठी वापरू नका. पत्र्यावर पाऊस पडत असताना स्पीकरवरचं जपानी काय, मराठीही कळत नाही. ऐकण्याची परीक्षा पाऊस ओसरल्यावर.

आपापल्या वेळचं काम म्हणजे एक 'गाठोडं': वर सांगितलेल्या बारा ध्वनिफिती, त्यांचा लिखित मजकूर आणि व्याकरणाची सहा-सहा मिनिटांची स्पष्टीकरणं, तीही फक्त आवाजात. जून संपायच्या आत, मुलं कॉलेजात असतानाच फोनवरून फोनवर द्या, त्याला डेटा लागत नाही. सोबत झेरॉक्स. फोन फुटला, भिजला, भावाने नेला तरी कागद राहतो.

व्याकरणाचं स्पष्टीकरण मराठीतून करा, हा माझा आग्रह आहे. इंग्रजीतून समजावलं की जर्मनची चतुर्थी हे संकट वाटतं. मराठीत ती रोजची आहे: 'मला आवडतं', 'मला थंडी वाजते'. जर्मनमध्येही अशा वाक्यांत 'मी' नाही, 'मला'च येतो. 'कारण'नंतरच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं हे इंग्रजीवाल्यांना विचित्र वाटतं, मराठीत ते तिथेच असतं. जपानीत तर क्रियापद कायमच शेवटी आणि 'नि', 'ओ', 'दे' हे प्रत्ययांसारखे नामामागे लागतात. हे सहा मिनिटांत कळतं आणि वर्गातला अर्धा तास बोलण्यासाठी मोकळा होतो.

जपानीवाल्यांसाठी थोडं: दुहेरी व्यंजन आपल्या मुलांना जड जात नाही. 'किते' (ये) आणि 'कित्ते' (टपाल तिकीट) हा फरक ते 'कट्टा' म्हणणाऱ्या तोंडाने सहज करतात. अडतं ते स्वराच्या लांबीला. 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. मराठीत 'आ' दीर्घच, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. टाळ्या वाजवून मात्रा मोजा: पहिल्याला चार, दुसऱ्याला पाच. हे वर्गातच, ऑनलाइन टाळ्या पोचत नाहीत.

आणि जेएलपीटीच्या (जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या) निकालावर विसंबू नका. त्यात तोंडी परीक्षाच नाही, लेखनही नाही, सगळे पर्याय निवडायचे. एन५ ला, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीला, १८० पैकी ८० गुण, त्यात भाषा-वाचनात १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९ एवढं किमान. घरी बसून तयारी केलेलं मूल हे काढू शकतं आणि तरी समोरच्या जपानी माणसाला नाव सांगताना अडखळतं.

किनारपट्टी_जर्मन

'नंबर धरता येत नाही' हे अगदी बरोबर पकडलंत. मग तो धरायला शिकवायचा कसा? आणि व्हॉइस नोटचा गृहपाठ बरेच जण सुचवतात, पण ४० जणांचे ऐकायचे कधी? शिवाय मुलं कागदावर लिहून वाचतात.

तारेतला_आवाज

तासाची पहिली पाच मिनिटं, रोज. मुलं जोडीत समोरासमोर, प्रत्येकाकडे वीस प्रश्नांची चिठ्ठी. प्रश्न विचारला की विचारणारा मनात तीनपर्यंत मोजतो. उत्तर सुरू झालं नाही तर पुढचा प्रश्न. बरोबर-चूक कोणी बघायचं नाही, शिक्षकानेही नाही. पहिले दोन आठवडे हो-नाही उत्तरांचे प्रश्न, पुढचे दोन आठवडे एका शब्दाचे, नंतर वाक्याचे. सहा आठवड्यांत शांतता आटोक्यात येते. तिसऱ्या आठवड्यातच 'का?' विचारायला लागलात तर पुन्हा पहिल्यापासून.

याबरोबर अडलं तर काय म्हणायचं ते शिकवा. हे ऑनलाइनमध्ये पार राहून गेलं. कळलं नाही की मुलं म्हणायची 'सर, आवाज तुटतोय', आणि तेही मराठीत. दुरुस्तीचं सगळं काम नेटवर्कच्या नावावर गेलं. 'वी बिटे?' (काय म्हणालात?), 'मोमेंट माल' (एक मिनिट), 'नोख आइन्माल' (पुन्हा एकदा) ही तीन वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेली असावीत. ती वापरणाऱ्याला गुण द्या. ती वापरणं म्हणजे न येणं असा मुलांचा समज आहे, तो गुणांनीच जातो.

व्हॉइस नोट ग्रुपवर नको, मुली तर अजिबात पाठवत नाहीत. एकेकट्याने, फाइलच्या नावात हजेरी क्रमांक. एक मिनिट मर्यादा. सगळ्यांचं सगळं ऐकू नका. प्रत्येकाचं पहिलं दहा सेकंदं ऐकलं तर ४० जणांचे सात मिनिटांत होतात, हजेरी लागते. पूर्ण ऐकायचे आठवड्याला १३-१४, म्हणजे तीन आठवड्यांत सगळा वर्ग. त्यांना वैयक्तिक उत्तर, बाकीच्यांना तीन मिनिटांची एकच फीत, त्यात त्या आठवड्याच्या पाच सामाईक चुका, नाव न घेता.

वाचून दाखवणं बंद करायचं तर साखळी लावा. क्र. १ प्रश्न पाठवतो क्र. २ ला, क्र. २ उत्तर देऊन नवा प्रश्न विचारतो क्र. ३ ला. प्रश्न आधी माहीत नसतो, त्यामुळे फार तर उत्तराचे चार शब्द लिहून होतात. एक साखळी आठ जणांची, मुदत २४ तास. त्यात कोणी आलं नाही तर पुढच्याने ओलांडून जायचं. रेंज नव्हती म्हणून कोणाचे गुण कापू नका, नाहीतर दुसऱ्याच दिवसापासून सगळ्या गावाची रेंज जाईल.

परीक्षेचं_गणित

तोंडी परीक्षेसाठी गोएथे संस्थेच्या ए१ जर्मन परीक्षेचा नमुना घ्या. चार जणांचा गट, १५ मिनिटं, तीन भाग: ओळख सांगणं, शब्दाच्या चिठ्ठीवरून एकमेकांना प्रश्न विचारणं, चित्राच्या चिठ्ठीवरून विनंती करणं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात मुलंच एकमेकांना विचारतात. ४० जणांचे १० गट, अदलाबदलीची तीन मिनिटं धरून गटाला १८, म्हणजे एकूण तीन तास. एकेकट्याची घेतलीत तर प्रत्येकी १२ मिनिटं धरूनसुद्धा आठ तास होतात आणि पाचव्या तासाला परीक्षकच जर्मन विसरतो.

गोएथेला दोन परीक्षक असतात. तुम्ही एकटे असाल तर मुलांना सांगून, त्यांच्या परवानगीने आवाज रेकॉर्ड करा आणि गुण नंतर द्या. प्रत्येक कृतीला २, १ किंवा ०: काम झालं तर २, मदतीने झालं तर १. आर्टिकल (नामाआधीचा लिंग दाखवणारा छोटा शब्द) चुकलं म्हणून ए१ ला गुण कापायचे नाहीत, मराठी मुलाला तीन लिंगं माहीत असली तरी 'टेबल' जर्मनमध्ये पुल्लिंगी हे कुठून कळणार? उच्चार समजलाच नाही तरच कमी.

चिठ्ठ्यांवर इथलेच विषय टाका. मालवणची खोली, किल्ल्यावर जायची होडी, रत्नागिरीहून कुडाळची गाडी, हापूसची पेटी. पुस्तकातलं बर्लिनचं भुयारी स्टेशन पाठ करून येतात, होडीचं तिकीट पाठ करून येता येत नाही.

यंत्राने लिहिलेल्या गृहपाठाबद्दल: सिद्ध करत बसू नका, तो वेळेचा अपव्यय आहे. तरी ओळखायची एक खूण फार बोलकी आहे. भाषांतर यंत्रं बरीचशी इंग्रजीच्या वाटेने जातात आणि इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच. त्यामुळे मित्राला लिहिलेलं पत्र 'तू'ने सुरू होतं आणि मध्येच 'तुम्ही'वर जातं. मराठी मूल स्वतः लिहिताना ही चूक सहसा करत नाही. उपाय मात्र वेगळा: गुण फक्त वर्गात हाताने लिहिलेल्या ३० शब्दांच्या निरोपाला. घरचं लेखन यंत्राने करा, हरकत नाही. पण वर्गात त्यातले तीन शब्द मी अधोरेखित करणार आणि ते तिथे का आहेत ते तुम्ही सांगायचं, मराठीत सांगितलंत तरी चालेल. गुण त्या उत्तराला.

आणि एक कटू गोष्ट, तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्या प्राचार्यांसाठी. दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम म्हणजे ३० तास. त्यात ए१ होत नाही. तुमच्याकडे ६० तास आहेत म्हणून निदान जवळपास तरी पोचता, उरलेलं गाठोड्याच्या सरावातून भरायचं. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मे २०२१ च्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइनची मुभा सुचवली होती. ती 'पर्यंत' आहे. तुमचे २४ तास म्हणजे बरोबर ४० टक्के, कोणीतरी मर्यादेलाच लक्ष्य समजलंय. भाषेसाठी १५ ऑनलाइन आणि ४५ वर्गात मागून बघा. जर्मनीत नर्सिंगला जायचं स्वप्न घेऊन येणाऱ्या मुलींना तर स्पष्ट सांगा की तिथल्या मान्यतेसाठी साधारण बी२ लागतं, ते ए१ च्या तीन पायऱ्या वर. ए१ ही पहिली पायरी. २०२४ मध्ये राज्य सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून प्रवेश वाढलेत, पायऱ्या तेवढ्याच आहेत.

सावंतवाडीचं_फ्रेंच

'आर्टिकलचे गुण कापू नका' याला माझा अर्धा विरोध. तोंडीत नको, पण लेखीत एक तरी गुण ठेवा, नाहीतर मुलं आर्टिकल शिकतच नाहीत. फ्रेंचच्या डेल्फ या प्रमाणपत्र परीक्षेत चार भाग प्रत्येकी २५, उत्तीर्ण व्हायला ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. म्हणजे बोलण्यात शून्य घेऊन वाचनावर तरता येत नाही. अंतर्गत परीक्षेतही अशी किमान अट घाला. बोलण्याचा सराव आपोआप सुरू होतो.

किनारपट्टी_जर्मन

फार उपयोगी. १५ तासांची मागणी लेखी देतो. किमान अट पुढच्या सत्रापासून. एक राहिलं: थेट आठ तासांतले दोन जर्मनीतल्या विद्यार्थ्यांबरोबर गप्पांसाठी ठेवायचे आहेत. वेळ कोणती?

निहोंगो_चिपळूण

जर्मनीत दुपारी चार म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर तेच चार म्हणजे आपले साडेआठ. निमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा. एका गटात दोन आपले, दोन त्यांचे, आठ मिनिटांत एक काम: तुमच्या पोरांकडे गाडीचं अर्धं वेळापत्रक, त्यांच्याकडे उरलेलं अर्धं. पहिली चार मिनिटं जर्मन, पुढची चार इंग्रजी, नाहीतर पहिल्या मिनिटापासून इंग्रजीच. आणि व्हिडिओ बंद ठेवायला लागला तर आधी एकमेकांचे फोटो पाठवून ठेवा. साडेआठला तुमच्याकडे लाईट असेल तर.